डायलिसिसनंतरचा थकवा : ‘एवढे चालायचेच’ म्हणण्यापूर्वी

प्रश्न : माझे वय 54 वर्षे आहे. गेल्या सव्वा वर्षापासून आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, माझे डायलिसिस होते. घरी आल्यावर जो अंथरुणाला पाठ टेकवतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच माणसात येतो. शेवटच्या तासाला पायात गोळे येतात आणि जांभया सुरू होतात. माझे ड्राय वेट (अंगात जादा पाणी साचलेले नसतानाचे वजन) 60 किलो आहे आणि दर वेळी साधारण 3 किलो 200 ग्रॅम वजन वाढलेले असते. तक्रार केली की ‘एवढे चालायचेच’ असे ऐकावे लागते, आणि घरच्यांना वाटते की मी मनाने खचलो आहे. हा थकवा कमी होऊ शकतो का?

उत्तर : पूर्णपणे जाईल असे आश्वासन देता येणार नाही, परंतु आपण दिलेल्या आकड्यांवरून पाहता तो कमी होण्यास बराच वाव आहे. ‘एवढे चालायचेच’ हे आम्हा डॉक्टरांचे फार सोयीचे वाक्य आहे. ते उच्चारले की पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. खरे तर मशीनवरून उतरल्यापासून पुन्हा नेहमीसारखे वाटेपर्यंत किती तास लागतात, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला नियमितपणे विचारायला हवा. अनेकांना दोन ते सहा तास लागतात. बारा तासांहून अधिक काळ अंथरुणात जात असेल, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

दोन डायलिसिसच्या मधे वाढलेले वजन म्हणजे मुख्यतः साचलेले पाणीच. त्यामुळे आपल्या बाबतीत पहिला संशय ते पाणी काढण्याच्या वेगावर जातो. मशीन पाणी ओढते ते रक्तातून, आणि प्रौढ माणसाच्या रक्तातील द्रवभाग जेमतेम तीन लिटरच्या आसपास असतो. म्हणजे चार तासांत जवळजवळ तेवढेच पाणी बाहेर काढले जाते, आणि तरीही आपण तग धरता, कारण पायांत व इतर ऊतींत साचलेले पाणी दरम्यानच्या काळात रक्तात परत येऊन ती जागा भरत असते. हे भरून येणे ओढण्याच्या वेगापेक्षा मागे पडले की बीपी उतरते, स्नायूंना रक्त कमी पडून गोळे येतात आणि हृदयाचा स्नायूही काही काळ मंदावतो. आपल्या जांभया आणि पायातले गोळे हे बहुधा त्याचेच लक्षण आहे.

आता हिशेब करू. 3200 मिलिलिटर पाणी चार तासांत, म्हणजे ताशी 800 मिलिलिटर. त्याला 60 किलोने भागले की दर किलोमागे ताशी 13 मिलिलिटरपेक्षा थोडे अधिक येते. साधारणपणे 13 च्या वर जाऊ नये, असे मानले जाते आणि त्याखाली जितके राहता येईल तितके बरे. वजनवाढ 2 किलो 400 ग्रॅमवर आली तर हाच आकडा 10 होतो. ती कमी होत नसेल, तर वेळ अर्ध्या-एका तासाने वाढवून मिळेल का, हे विचारावे. मशीनवर आणखी एक तास बसण्याच्या कल्पनेने रुग्ण वैतागतात हे मी जाणतो, पण त्या एका तासाच्या बदल्यात संध्याकाळ परत मिळणार असेल, तर सौदा तोट्याचा नाही.

वजनवाढ कमी करण्यासाठी पाणी मोजत बसण्याआधी मीठ मोजावे. आठ-नऊ ग्रॅम मीठ शरीरात सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते आणि ते भरून काढायला तहान लागतेच. खारट खाऊन तहान मारणे कोणाच्याही निग्रहाबाहेरचे आहे. मधुमेह असल्यास वाढलेली साखरही तहान वाढवते. आठवड्यातील दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरची पाळी सर्वांत जड जाते, म्हणून विशेष काळजी त्या खंडातच घ्यावी.

ड्राय वेट कधी ठरवले होते, हेही विचारून घ्यावे. डायलिसिस सुरू झाल्यावर काहींची भूक सुधारते आणि अंगावर मांस चढते, पण कागदावरचा आकडा जुनाच राहतो. मग मशीन साचलेले पाणी संपल्यावरही पाणी काढत राहते. याशिवाय मशीनमधील द्रावणाचे तापमान अर्ध्या अंशाने कमी केल्यास बीपी टिकण्यास मदत होते, आणि मशीनवर असताना भरपेट खाल्ल्यास ते उतरू शकते. बीपीची सकाळची गोळी त्या दिवशी नंतर घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. स्वतःहून बंद करू नये. हिमोग्लोबिन साधारण 10 ते 11.5 च्या दरम्यान आहे का आणि लोह पुरेसे आहे का, हे रिपोर्टमध्ये पाहावे.

महिनाभर एका वहीत येतानाचे वजन, काढलेले पाणी, सर्वांत कमी बीपी आणि बरे वाटायला लागलेले तास, एवढेच लिहावे आणि ती वही तपासणीच्या वेळी समोर ठेवावी. ‘फार थकवा येतो’ या तक्रारीपेक्षा ‘तीन किलोच्या वर पाणी काढले की चौदा तास लागतात’ ही नोंद डॉक्टरांच्या अधिक कामाची असते.

प्रश्न : माझे पती डायलिसिसहून आले की चार-पाच तास झोपतात आणि रात्री मात्र जागेच असतात, सतत पाय हलवत राहतात. त्यांना दुपारी उठवावे की झोपू द्यावे?

उत्तर : रात्री पायांत अस्वस्थता येऊन ते हलवावेसे वाटणे, हा मूत्रपिंडाच्या रुग्णांत वारंवार आढळणारा त्रास आहे. लोहाची कमतरता हे त्याचे एक कारण असून त्यावर उपचार आहेत. ते मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे असे असल्यास आडपडदा न ठेवता विचारावे. थकव्याच्या आड नैराश्य पुष्कळदा लपलेले असते. डायलिसिस नसलेल्या दिवशी दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावी. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा सुईच्या जागेचे रक्त न थांबणे, यांना मात्र थकवा समजून घरी थांबू नये.

दुपारी पाऊण तासाने त्यांना अवश्य उठवावे, पण एकदम उभे करू नये. आधी पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटे बसू द्यावे, चक्कर येत नाही ना ते विचारावे आणि मगच हात देऊन उठवावे.