डॉक्टरांकडे दारूची गोळी मागायची कशी?

"मॅडम, दारू सोडायच्या गोळ्या डॉक्टरांकडे मागायच्या कशा? ते म्हणतील, पितोस तू आणि औषध मी देऊ?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. बहुतेक वेळा विचारणारी बायको असते, नाहीतर आई. त्या दिवशी मात्र पिणारा माणूस स्वतः विचारत होता, म्हणून मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. भांडुपचे गृहस्थ, चाळिशी ओलांडलेले, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी त्यांना दादा म्हणत असे. सोबत वहिनी होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या.

रोज दोन क्वार्टर, रविवारी तीन. सकाळी हात थरथरायचे, म्हणून कामावर निघण्याआधी एक नाइन्टी. हेच हात पुढे लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करायचे. तिथून पडायची भीती त्यांना स्वप्नातही वाटायची.

सोडायचे प्रयत्न कमी केले नव्हते. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पंढरपूरला जाऊन माळ घातली, ती चार महिन्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली आणि तेव्हापासून देवासमोर उभं राहायचीही लाज वाटू लागली. दोन वर्षांपूर्वी गटारीनंतर श्रावण पाळायचा म्हणून एका झटक्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली. ती दारू अचानक तुटल्याने आली होती, पण घरच्यांना वाटलं फेफरं, आणि फिट थांबावी म्हणून मेव्हण्याने रात्री पुन्हा ग्लास भरून दिला.

त्यानंतर धीर करून ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. "मनाचा निग्रह हवा, गोळ्या कशाला?" एवढंच ऐकून परत आले. डॉक्टर वाईट नव्हते. दादांनी त्यांना फक्त "जरा दारू सुटत नाही" एवढंच सांगितलं होतं. फिटचा, सकाळच्या नाइन्टीचा उल्लेखच नाही. शरमेने माणूस अर्धं सांगतो आणि अर्ध्यावर उपचार होत नाहीत, हे मी या खुर्चीत बसून वारंवार पाहिलंय.

मी म्हटलं, आपण कागदावर लिहू. किती, कधीपासून, सकाळी लागते का, बंद केल्यावर काय झालं, दुसरी कोणती औषधं चालू आहेत.

"पाठीसाठी काही घेता का?" असं विचारल्यावर त्यांनी पाकिटातून एक स्ट्रिप काढली. ट्रामाडॉल. मेडिकलवाला ओळखीचा, मागितली की मिळायची. याला ते औषध मानतच नव्हते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, पण ते नाव मी कागदावर ठळक लिहून घेतलं. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन ही गोळी ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांचा परिणाम अडवते. शरीराला त्यांची सवय झाली असेल तर तीव्र त्रास सुरू होऊ शकतो. शिवाय ट्रामाडॉलने फिटचा धोकाही वाढतो.

तेवढ्यात वहिनी रडू लागल्या. दादा पाणी आणायला बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "मी एकदा डाळीत गोळी घातली होती."

तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेली डायसल्फिरामची गोळी, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ती. त्या रात्री दादा प्यायले, चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या थांबेनात. हार्ट अ‍ॅटॅक समजून दवाखान्यात नेलं. वहिनींनी तिथेही तोंड उघडलं नाही. हे औषध घेणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. अन्नात लपवून दिलं तर जिवावर बेतू शकतं. तरी वहिनींवर मला राग आला नाही. न सांगता दारू सोडवण्याच्या जाहिराती आपण सगळ्यांनीच भिंतींवर वाचल्या आहेत. मी एवढंच म्हटलं की हे त्यांना तुम्हीच सांगा, मी इथे बसलेली आहे.

त्यांनी सांगितलं. दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मला अ‍ॅटॅक आला नव्हता?"

तीन वर्षं हा माणूस हृदय कमजोर झालंय असं समजून जगत होता, आणि ती भीती बुडवायलाही पीत होता. कागदावर तीही ओळ लिहिली.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते आम्ही दोनदा म्हणून पाहिलं. "मला दारू सोडायची आहे. बंद केल्यावर मला फिट आली होती, म्हणून एकट्याने बंद करायची भीती वाटते. औषधांची मदत मिळेल का? तुम्ही देत नसाल तर मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी द्या." शेवटच्या वाक्याचा मी आग्रह धरला. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या अनेकांना या औषधांची सवय नसते, आणि चिठ्ठी मागितली तर त्यांनाही मोकळं वाटतं. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहेत. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे.

त्याच डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?" चिठ्ठी लगेच मिळाली.

फिटचा इतिहास पाहून दादांना भरती करून घेतलं. दारू उतरतानाचा त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं आणि थायमिन (जीवनसत्त्व ब1) सुरू झालं. ट्रामाडॉल बंद झालं, यकृताच्या तपासण्या झाल्या आणि ट्रामाडॉल शरीरातून पूर्ण जावं म्हणून मधले दिवस जाऊ दिल्यावर नाल्ट्रेक्सोन सुरू झाली, रोज 50 मिलिग्रॅमची एक गोळी. दारूतून मिळणारी मजाच ती बोथट करते. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी तिला 1994 मध्ये मान्यता मिळाली. तिची नशा होत नाही, सवयही लागत नाही.

एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या मीटिंगमधला एक मित्र म्हणाला, "एक सोडून दुसरी धरलीस." दादा दुखावले. मी त्यांना सांगितलं की औषधं हा डॉक्टरांचा विषय आहे, सदस्यांनी त्यात सल्ला देऊ नये, असं एएचं स्वतःचं साहित्यच म्हणतं. मीटिंग त्यांनी सोडली नाही.

पाचव्या महिन्यात पुतण्याच्या हळदीला पाय घसरला. दुसऱ्या दिवशी मला फोन आला, आवाज पडलेला. "डॉक्टरांना सांगू का?" मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "सांगतोच. नवीन कागद लिहिलाय."