कामाच्या ठिकाणी ताण नेमका कशामुळे येतो?

काम जास्त असणं हे एक कारण झालंच, पण माझ्या मते ते सगळ्यात मोठं नाही. कामावर आपला ताबा नसणं जास्त छळतं. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने हेच मांडलं: मागणी भरपूर, पण काम कसं आणि कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा नाही, अशी जोडी जमली की ताण सर्वाधिक. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासातही कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसला. म्हणजे ताण काय तो वरच्या साहेबांनाच, हा गैरसमज.

संदिग्धपणा तर विचारूच नका. संध्याकाळी बॅग भरताय आणि मेसेज येतो, "उद्या सकाळी जरा बोलायचंय." विषय काय, पत्ता नाही. रात्रभर डोक्यात भुंगा. सकाळी कळतं, रजेचा फॉर्म चुकीच्या फोल्डरमध्ये गेला होता! काम दोन मिनिटांचं, ताण पोतंभर.

शिवाय दोन साहेबांच्या दोन उलट सूचना, राबायचं एकाने आणि श्रेय दुसऱ्याला, नोकरी जाण्याची टांगती तलवार, सुट्टीतही वाजणारा फोन.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याला, आजार नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हटलं. तरी बऱ्याच ऑफिसांत उपाय सांगितला जातो तो कर्मचाऱ्यालाच: ध्यान करा. कामाची वाटणी मात्र होती तशीच.