दोन्हीकडे ९६०० बॉड असूनही टर्मिनलवर निरर्थक चिन्हे का उमटतात?

तुमच्या वर्णनानुसार ब्रेडबोर्डवर एटीमेगा३२८पी ही नवी, सुटी मायक्रोकंट्रोलर चिप आहे, ती यूएसबी-सीरियल अडॅप्टरमार्फत संगणकाला जोडलेली आहे, एफ_सीपीयू (चिपच्या घड्याळाची वारंवारिता म्हणून प्रोग्राममध्ये लिहिलेला आकडा) ८ मेगाहर्ट्झ आणि दोन्हीकडे वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) ठेवलेला आहे, तरीही पडद्यावर केवळ चित्रविचित्र चिन्हे येतात.

काहीतरी येते आहे, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. पडदा कोरा असता, तर एका बाजूचा टीएक्स (पाठवणारा पिन) दुसऱ्या बाजूच्या आरएक्सला (घेणारा पिन) जोडलेला आहे का, पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने अडवून ठेवला आहे का, येथून सुरुवात करावी लागली असती. आता फक्त चिप आणि अडॅप्टर यांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असल्याची खात्री करून घ्या आणि मग चिपच्या घड्याळाकडे, म्हणजे तिचा वेग ठरवणाऱ्या स्पंदांकडे, वळा, कारण माझा मुख्य संशय त्याच्यावरच आहे.

या सीरियल पद्धतीत घड्याळासाठी स्वतंत्र तार नसते. प्रत्येक अक्षराच्या आधी स्टार्ट बिट आणि शेवटी स्टॉप बिट असतो. स्टार्ट बिटची कड दिसताच घेणारी बाजू स्वतःच्या घड्याळाने वेळ मोजू लागते आणि प्रत्येक बिटच्या मध्यावर तारेची पातळी वाचते. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. स्टॉप बिटचा मध्य साडेनऊ बिटांनंतर येत असल्यामुळे तोवर अर्ध्या बिटाची तफावत साचली, म्हणजेच घड्याळांमध्ये सुमारे ५ टक्क्यांचा फरक असला, की वाचन चुकते. व्यवहारात मी २ टक्क्यांपुढे जाऊ देत नाही.

प्रोग्राममध्ये ९६०० लिहिले म्हणून चिप त्याच वेगाने बोलते असे नाही. एफ_सीपीयूचा आकडा खरा मानून, घड्याळाला कितीने भागले की हा वेग मिळेल तो भाजक काढला जातो, एवढेच. ही चिप कारखान्यातून येते तेव्हा तिचा अंतर्गत ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (घड्याळाचे स्पंद निर्माण करणारा भाग) चालू असतो, पण घड्याळाला ८ ने भागणारा सीकेडिव्ह८ हा फ्यूजही (चिपमध्ये साठवलेली सेटिंग) लागू असतो, त्यामुळे प्रत्यक्ष घड्याळ १ मेगाहर्ट्झचे राहते आणि तुमचे ९६०० हे खरे तर १२०० होतात. म्हणून एकही तार न हलवता टर्मिनलचा वेग १२०० करून पाहा. मजकूर वाचता आला, तर निदान पक्के झाले.

त्यानंतर प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम व सेटिंग भरणारे उपकरण) वापरून तो फ्यूज काढावा, हे उत्तम. केवळ एफ_सीपीयू १० लाख करून भागत नाही, कारण १ मेगाहर्ट्झवर ९६०० साठी सर्वांत जवळचा भाजक घेतला तरी सुमारे ७ टक्के चूक उरते. सीरियलचा वेग दुप्पट करणारा यू२एक्स बिट चालू केल्यास मात्र ती ०.२ टक्क्यांवर येते.

१२०० वरही अर्थ लागला नाही, तर चिपकडून इंग्रजी मोठे 'यू' अक्षर खंड न पडता पाठवा. त्याचे बिट स्टार्ट-स्टॉपसह एकाआड एक ०-१ असे येत असल्याने ९६०० बॉडला तारेवर ४८०० हर्ट्झची चौकोनी लहर मिळते, जी वारंवारिता मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरवरही दिसते. आकडा थोडाफारच हुकला, तर दोष अंतर्गत ऑसिलेटरचा समजावा. कारखान्यातील जुळणीनंतरही त्यात १० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो आणि तेथे बाहेरचा क्रिस्टल लावणेच श्रेयस्कर. आकडा अचूक ४८०० असूनही चिन्हे तशीच राहिली, तर अडॅप्टर आरएस-२३२ (जुन्या संगणकांच्या सीरियल पोर्टचे मानक) पातळीचा आहे का ते पाहा. त्यात ०-१ उलटे असतात आणि व्होल्टेज ऋण बाजूलाही जाते, म्हणून तो चिपला थेट जोडलेला असल्यास आधी काढून ठेवा आणि मध्ये मॅक्स२३२ सारखी पातळी बदलणारी आयसी घाला.