घोडे कोरलेली चकती

प्रश्न : मुलगा ‘ब्लेड ऑफ द फँटम मास्टर’ हा अ‍ॅनिमेशनपट पाहतो. नायक चकती उंचावतो आणि भुतांची फौज उभी राहते. कोरियन लोककथेत खरंच असं काही आहे का? – एक पालक, सांगली

उत्तर : फौज कल्पनेतली, चकती मात्र खरी! तिचं नाव ‘मापे’. कोरियाच्या जोसन राजवटीच्या काळात राजाचे गुप्त निरीक्षक वेश पालटून गावोगाव फिरत. त्यांच्याजवळच्या मापेवर जितके घोडे कोरलेले, तितके घोडे त्यांना वाटेतल्या टप्प्यावरच्या ठाण्यातून मिळत. नायकाचं मुन्सू हे नावही पार्क मुन्सू (१६९१–१७५६) या खऱ्या अधिकाऱ्यावरून घेतलंय. त्याच्या कथा तिकडे आजी-आजोबा सांगतात.

पण मला खरी गंमत वाटते ती चुनह्यांग या कोरियन लोककथेतल्या नायिकेच्या कथेची. मूळ कथेत तिचा प्रियकर मोंगर्योंग भिकाऱ्याच्या वेशात जुलमी अधिकाऱ्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत शिरतो, ‘सोन्याच्या पेल्यातली दारू म्हणजे हजारो रयतेचं रक्त’ अशी कविता लिहून देतो आणि मग त्याची माणसं आरोळी ठोकतात, ‘गुप्त निरीक्षक आले!’ हा चित्रपट ज्या कॉमिकवर बेतलाय, त्यात हाच मोंगर्योंग सुरुवातीलाच वाळवंटात मरतो. राज्यही बुडालेलं, म्हणजे निरीक्षक मुन्सू उरला पण राजा नाही. लेखक युन इन-वान आणि चित्रकार यांग क्योंग-इल यांचं हे धाडस मला फार आवडलं.

कॉमिक २००१ पासून जपानी मासिकात आलं, चित्रपट २००४ चा. त्यात सुरुवातीच्याच गोष्टी आहेत, त्यामुळे तो अर्धवट वाटतो. रक्तपात भरपूर आहे. मुलगा दहाचा असेल तर थांबा, पंधराचा असेल तर शेजारी बसून पाहा.