एकटेपणा हा स्वभावाचा दोष की वस्तीचा?

तुम्ही विचारलंय, "एकटेपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न नाही का? वस्तीचा आणि तब्येतीचा त्यात काय संबंध?" स्वभावाचा वाटा असतोच. पण आपण स्वभावाला फार बोल लावतो आणि रस्त्याला फारच कमी, असं मला वाटतं.

१९६९ च्या सुमारास शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन शेजारशेजारच्या रस्त्यांवरच्या रहिवाशांना बोलतं केलं. मुख्य फरक रहदारीचा होता. जिथून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, तिथे माणशी सरासरी ३ मित्र त्याच रस्त्यावर राहणारे निघाले. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९, म्हणजे धड एकही नाही. घुमी माणसं नेमकी त्याच रस्त्यावर येऊन राहिली होती, असं तर नाही ना?

तब्येतीचं म्हणाल तर शिकागोतली जुलै १९९५ ची उष्णतेची लाट बघा. नेहमीपेक्षा सुमारे ७०० जास्त माणसं दगावली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लागून असलेल्या वस्त्या. एकट्या राहणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. तरी नॉर्थमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे दहापट. साउथमध्ये दुकानं चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती, त्यामुळे म्हातारी माणसं घराबाहेर पडत. नॉर्थमध्ये घरं ओस, दुकानं बंद. गुन्हेगारीच्या धास्तीने लोक उकाड्यातही दारं-खिडक्या लावून बसले. हे वाचताना मला फार वाईट वाटतं, कारण उन्हाइतकीच भीतीही त्यांच्या जिवावर उठली.

लाट नसतानाही हेच हळूहळू चालू असतं. एकटेपणाचा ताण झोपेवर आणि रक्तदाबावर येतो, चालणं-फिरणं कमी होतं, आणि माणूस आजारी पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्थात उलटही घडतं. गुडघे धरलेला माणूस बाहेर पडत नाही, म्हणून एकटा पडतो. पण त्यालाही वाटेत टेकायला बाक असेल, जिन्याला कठडा आणि कोपऱ्यावर दिवा असेल, तर तो निदान कोपऱ्यापर्यंत जातो आणि वाटेत दोघं तरी भेटतात.

घर बघत असाल, विशेषतः आईवडिलांसाठी, तर संध्याकाळी त्या रस्त्यावर अर्धा तास थांबून बघा. म्हातारी माणसं एकेकटी, निवांत चालताना दिसतात का? रस्ता ओलांडायला घाबरतात का? खोल्या किती, हे नंतर मोजा.