ताट वेगळं नको, गोळी चुकायला नको

एचआयव्हीविषयी सोलापूरच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांना ही उत्तरं. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

माझ्या दिराला एचआयव्ही निघाला. तो यंत्रमागावर कामाला आहे, सिव्हिलमधून गोळ्या चालू आहेत. सासूबाईंनी त्याचं ताट-तांब्या वेगळं केलंय, चादर रोज उकळतात. घरात दोन लहान मुलं आहेत. एवढी काळजी पुरे ना?
— एक भगिनी, विडी घरकुल

ताई, चादर उकळणं आजपासून बंद करा. एचआयव्ही पसरतो तो निरोधाशिवायच्या लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून किंवा सुईतून, आणि आईकडून बाळाला. एका ताटातल्या भाकरीतून, एकाच संडासातून, डासातून, खोकल्यातून किंवा काकाने घेतलेल्या मुक्यातून तो लागत नाही. दाढीचं पातं आणि टूथब्रश ज्याचा त्याला असावा, पण तो नियम प्रत्येकच घराला आहे. जखमेला पट्टी बांधताना हातमोजे घाला, एवढं बास.

काळजी घ्यायचीच आहे तर गोळीची घ्या. ताट वेगळं झालं की माणूस गोळ्यांची डबीही लपवायला लागतो. पाहुणे आले म्हणून एक दिवस चुकतो, रात्रपाळीला डबी न्यायची लाज वाटते म्हणून आणखी दोन चुकतात. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रात, बहुतेकांना मिळते ती टीएलडी. एका गोळीत टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम. रोज एकच, जेवणाआधी वा नंतर, पण वेळ ठरलेली. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर दोन्ही पाळ्यांत जमेल अशी वेळ निवडा. विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

पित्ताच्या औषधाचं कुणी सहसा सांगत नाही. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पांढरं पातळ औषध डोल्युटेग्राविरला अडवतं. ते घ्यायचं असेल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियमची गोळी जेवणासोबत टीएलडीबरोबर चालते, उपाशीपोटी नाही.

खोकल्याकडे लक्ष ठेवा. मागावर काम करणाऱ्याचा खोकला सगळे कापसाच्या धुळीवर ढकलतात आणि टीबी महिनोन्‌महिने तसाच राहतो. एचआयव्ही असलेल्याला खोकला, ताप, वजन घटणं किंवा रात्री घाम, यातलं काहीही दिसलं की दोन आठवडे वाट न बघता तपासणी करायची. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असेल, तर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची जादा गोळी लागते. म्हणून टीबीच्या डॉक्टरांपासून एआरटीची गोष्ट लपवू नये.

औषध लागू पडतंय का हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून कळतं. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा ही तपासणी मोफत होते. गोळ्या नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. दीर कामासाठी भिवंडीला किंवा हैदराबादला गेला, तर निघण्याआधी केंद्रातून बदलीचं पत्र घ्यायला सांगा, म्हणजे गोळ्या तिथे मिळतील.

तीन आठवड्यांपूर्वी निरोध फाटला. लॅबमध्ये तपासलं, निगेटिव्ह आलं. माझं लग्न ठरलंय. आता निर्धास्त राहू का?
— एक वाचक, अशोक चौक

अजून नाही. नेहमीची झटपट तपासणी विषाणूला शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती दिसण्याइतकी व्हायला वेळ लागतो. घटनेपासून तीन महिने पूर्ण झाल्यावर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात पुन्हा तपासा. तिथे समुपदेशन आणि तपासणी मोफत होते. तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका. रक्तपेढीत 'फुकट तपासणी होईल' म्हणून जाणारे असतात. त्यात तिसऱ्याचा जीव धोक्यात येतो. पहिल्या किटवर पॉझिटिव्ह आलं तरी ते अंतिम नसतं, तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात.

पुन्हा असं घडलं तर थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जा. धोका पाहून डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का ते ठरवतात. त्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. शनिवारी घडलं आणि सोमवारी दुपारी बघू म्हटलं की निम्म्याहून जास्त वेळ गेलेला असतो. लग्नाआधी दोघांनी मिळून तपासणी करा; एकट्या मुलीकडे रिपोर्ट मागणं बरोबर नाही.

गारमेंट कारखान्यात शिलाईच्या कामाला लावण्याआधी एचआयव्हीचा रिपोर्ट मागतायत. द्यावा का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

द्यायची गरज नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करणं आणि संमतीशिवाय तपासणं, दोन्हीला त्यात मनाई आहे. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आधी त्याच्याकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. पुढे याच कायद्याखाली राज्य सरकारने नेमायच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याने 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 1097 वर मोफत फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

गड्ड्याच्या जत्रेत मुलं हातावर गोंदवून घेतात. त्यातून एचआयव्ही होतो का?
— एक पालक, बाळे

एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर शक्य आहे, आणि हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून मोठा. नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा. शाईसुद्धा लहान झाकणात वेगळी ओतून घ्यायला सांगा, कारण सुई नवी असली तरी ती सगळ्यांसाठीच्या एकाच बाटलीत बुडवली जाते. गोंदवणारा ऐकत नसेल तर तिथून उठा.