चित्रपटाने ‘विक्रम मोडला’, ‘100 कोटी कमावले’ या बातम्यांत खरं किती? चित्रपट चालला की नाही हे प्रेक्षकाने कसं ओळखायचं?

आकडा साफ खोटा क्वचितच असतो. तो नेमका कशाचा आहे, हे मात्र सांगितलेलं नसतं. त्यामुळे पोस्टरवर ‘कोटी’ दिसले की आधी एवढंच बघा: ग्रॉस, नेट की शेअर?

₹250 चं एक तिकीट घ्या. हे पूर्ण ₹250 म्हणजे ग्रॉस. ॲपवर वर लागणारी कन्व्हिनियन्स फी यात येत नाही. ₹100 च्या वरच्या तिकिटावर 18% जीएसटी असतो आणि तो दरातच धरलेला असतो, म्हणून 250 ला 1.18 ने भागायचं. येतात ₹211.86. हे नेट. 250 मधून सरळ 18% वजा केले तर ₹205 येतात आणि पुढचं सगळं गणित चुकतं. हौशी हिशेब बहुतेक इथेच फसतात.

या नेटची वाटणी थिएटर आणि वितरक यांच्यात होते. 2009 मध्ये याच वाटणीवरून निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांचं बिनसलं आणि एप्रिल-मे असे दोन महिने मोठे नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. जूनमधल्या तडजोडीत वितरकाचा वाटा ठरला तो असा: पहिल्या आठवड्यात 50%, दुसऱ्यात 42.5%, तिसऱ्यात 37.5% आणि त्यापुढे 30%. त्या हिशेबाने आपल्या ₹250 पैकी पहिल्या आठवड्यातसुद्धा वितरकाकडे जेमतेम ₹106 पोहोचतात. हा शेअर. निर्मात्याचं पोट यावर भरतं, पोस्टरवरच्या आकड्यावर नाही.

आता हेच 100 कोटींना लावा. 100 कोटी ग्रॉस म्हणजे सुमारे 84.75 कोटी नेट आणि 40 कोटींच्या आसपास शेअर. त्यातून जाहिरातीचा खर्च आणि वितरकाचं कमिशन जातं. 80 कोटींत बनलेल्या चित्रपटाचं ‘100 कोटी पार’ असं पोस्टर लागतं तेव्हा थिएटरच्या धंद्यात तो खड्ड्यात असतो. ओटीटी, सॅटेलाइट (टीव्ही) आणि संगीताच्या हक्कांतून तो वर येऊ शकतो, पण ती तिकीटबारीवरची कमाई नव्हे.

‘100 कोटी क्लब’ हा शब्द चालू झाला तो हिंदीत, 2008 च्या ‘गजनी’ने भारतात 100 कोटी नेटचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तेव्हा. मराठीत हा मान 2016 च्या ‘सैराट’चा, पण तिथे आकडा ग्रॉसचा. म्हणजे हे दोन ‘100 कोटी’ वेगवेगळ्या मापांचे. इथे एक गोष्ट लोक विसरतात आणि त्यात ‘सैराट’वर अन्याय होतो. त्या काळी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, त्यामुळे ग्रॉस आणि नेटमध्ये फारसं अंतरच नव्हतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ती सवलत संपली. त्यानंतरच्या मराठी चित्रपटाच्या ग्रॉसमध्ये कर मिसळलेला असतो. ‘सैराटला मागे टाकलं’ अशी बातमी कधी आली तर आधी कर बाजूला काढा, मग त्या काळाचे आणि आजचे तिकीटदर मांडा आणि मगच तुलना करा.

खरं तर काळाच्या दोन टोकांच्या चित्रपटांची तुलना रुपयांत होऊच शकत नाही. ती तिकिटांच्या संख्येत करावी. ट्रेडमध्ये, म्हणजे चित्रपटधंद्यात, याला फुटफॉल म्हणतात. सरासरी दर ₹250 धरला तर 100 कोटी म्हणजे 40 लाख तिकिटं. 23 सप्टेंबर 2022 ला राष्ट्रीय सिनेमा दिनानिमित्त तिकीट ₹75 ला होतं. त्या एका दिवसात मल्टिप्लेक्स असोसिएशनच्या सांगण्यानुसार 65 लाखांवर लोक थिएटरमध्ये आले. 65 लाख गुणिले 75 केलं तर 49 कोटीही होत नाहीत. कमाईच्या यादीत तो दिवस मधेच कुठेतरी बसेल, माणसांच्या यादीत फार वर. मला विचाराल तर साजरा करावा असा आकडा हा आहे.

उलट टोक बघा. 4 डिसेंबर 2024 च्या रात्री ‘पुष्पा 2’च्या प्रीमियर शोसाठी तेलंगणा सरकारने तिकिटामागे ₹800 जादा घ्यायला परवानगी दिली होती. असे शो धरले की ओपनिंगचा, म्हणजे पहिल्या दिवसाच्या गल्ल्याचा, आकडा फुगणारच. त्याच रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरवर चेंगराचेंगरीत एका महिलेचा जीव गेला. पहिल्याच रात्री, पहिल्याच शोला गर्दी खेचण्याची ही ईर्षा मला मनापासून चुकीची वाटते.

विक्रम ‘कापून’ कसे काढतात तेही लक्षात ठेवा. एकूण यादीत नंबर लागत नसेल तर ‘सुट्टी नसलेल्या शुक्रवारची सर्वात मोठी ओपनिंग’, ‘जानेवारीतली’, ‘या नायकाची’, ‘अमुक भाषेतून डब झालेल्यांतली’ असे विशेषण जोडत जायचं. गुरुवारचे पेड प्रिव्ह्यू, म्हणजे प्रदर्शनाआधीचे तिकीट लावलेले शो, शुक्रवारच्या गल्ल्यात मिळवतात. बुधवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा पाच दिवसांचा ‘एक्स्टेंडेड वीकेंड’ दुसऱ्याच्या तीन दिवसांशी तोलतात. परदेशातला गल्ला रुपयांत बदलून देशातल्या ग्रॉसमध्ये घालतात. डॉलर चढला की तेवढीच तिकिटं खपूनही कोटी वाढतात. पुनर्प्रदर्शनही मिळवलं जातं. 2019 मध्ये ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ने ‘अवतार’ला मागे टाकलं होतं आणि मार्च 2021 मध्ये ‘अवतार’ चीनमध्ये पुन्हा लागून परत पहिल्या नंबरवर गेला.

ॲडव्हान्स बुकिंगच्या बातमीत ‘ब्लॉक सीट (राखून ठेवलेल्या, अजून न विकलेल्या खुर्च्या) धरून’ असे शब्द आहेत का बघा. धरून आणि वगळून आलेल्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर तेवढी तिकिटं प्रेक्षकांनी अजून घेतलेली नाहीत. घाऊक बुकिंगचा प्रकार वेगळा: निर्माता, एखादी कंपनी किंवा चाहत्यांचा गट तिकिटं घेतो. ती खरीच विकली जातात, गल्ल्यात जमा होतात, फक्त खुर्च्या रिकाम्या राहतात. याची खूण ॲपच्या सीट मॅपवर सापडते. खऱ्या गर्दीत मागच्या-मधल्या रांगा आधी भरतात आणि पडद्याजवळच्या शेवटी. सकाळी 9 च्या शोला पुढच्या तीन रांगा भरलेल्या आणि मागे जागा मोकळी असेल तर शंका घ्या. ‘एकावर एक मोफत’ योजनेत मोफत तिकिटाचे पैसे निर्माता किंवा ॲप भरत असेल तर थिएटरच्या हिशेबात दोन्ही तिकिटं पूर्ण दराने लागतात.

हे सगळं खपून जातं, कारण प्रत्येक थिएटर रोजच्या विक्रीचा डीसीआर (डेली कलेक्शन रिपोर्ट) वितरकाला पाठवतं, तो तुमच्या-आमच्यासमोर येत नाही. आपण वाचतो तो एकतर निर्मात्याचा दावा असतो किंवा ट्रेड संकेतस्थळांचा अंदाज. त्यातही ‘मुंबई टेरिटरी’चा, म्हणजे मुंबई या वितरण-विभागाचा, आकडा म्हणजे महाराष्ट्राचा आकडा नव्हे. ट्रेडच्या जुन्या नकाशात मुंबई विभागात (सर्किटमध्ये) गुजरात आणि गोवाही येतात, विदर्भ ‘सीपी बेरार’ नावाच्या विभागात जातो आणि मराठवाडा ‘निझाम’ विभागात.

मग चित्रपट चालला हे ओळखायचं कशावरून? माझा भर सोमवारवर. पहिल्या सोमवारचं नेट शुक्रवारच्या निम्म्याहून खाली घसरलं तर तोंडी प्रसिद्धी वाईट आहे. शुक्रवारच्या जवळपास टिकलं तर चित्रपट लोकांना आवडला. शुक्रवारी सुट्टी होती का हे आधी तपासा, नाहीतर घसरण उगाच मोठी दिसते. त्यानंतर दुसरा शनिवार बघा. पहिल्या वीकेंडला गर्दी जाहिरातही आणू शकते, दुसऱ्या वीकेंडला ते जमत नाही.

मराठी चित्रपटासाठी गल्ल्यापेक्षा ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के खुर्च्या भरल्या ते, महत्त्वाची, कारण शोच कमी मिळतात. मोठ्या हिंदी चित्रपटाचे हजारो शो 12% भरले तरी कोटी दिसतात. मराठीचे तीनशे शो 50% भरले तरी आकडा लहानच राहतो. त्यात शो दुपारी 12 चा की संध्याकाळी 7 चा यानेही फरक पडतो. पुढच्या शुक्रवारचे शो साधारण बुधवार-गुरुवारी ॲपवर उघडतात. तुमच्या गावच्या थिएटरने दुसऱ्या आठवड्यात त्या चित्रपटाचे शो वाढवले किंवा दुपारचा शो संध्याकाळी आणला, तर तो तिथे नक्की चाललाय. थिएटरवाला डीसीआर बघूनच हे ठरवतो.